कै. डॉ. आनंदीबाई जोशी आणि आपल्या वाढत्या मुली

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी आपल्या सर्वांचीच इच्छा असते. यंदा त्यासाठी नाव शोधायला फार लांब जावे लागले नाही. भिवंडीहून निघून कोनगाव मागे टाकले आणि दुर्गाडीचा पूल ओलांडला की आपण कल्याणात पोचतो. त्या कल्याणच्या एका जोशी घराण्यातली मुलगी, आगगाडीने मुंबईला जाणेही बायकांना अपूर्वाईचे वाटे अशा काळात, एकटी सातासमुद्रापार गेली आणि डॉक्टर होऊन परत आली. आनंदीबाई जोशी हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु पुस्तकातल्या धड्यात पदवी असते, मानपत्रे असतात. त्या मुलीचा देह, तिचे जेवणखाण, तिचे दुखणे यांना तेथे जागा नसते. आज आपल्या घरोघरच्या मुलींच्या अंगावर मांस किती आणि ताटात अन्न किती, हा प्रश्न आपल्याला रोज भेडसावीत असल्यामुळे या अंकात आनंदीबाईंची कहाणी त्याच बाजूने सांगण्याचे योजले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. घराणे एके काळी जमीनजुमला बाळगून असलेले, पण पुढे पुढे उतरती कळा लागलेले. आई गंगाबाई स्वभावाने कडक होत्या, आणि मुलीला लहानपणी मार पुष्कळ बसला असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. वडिलांचा मात्र तिच्यावर जीव होता. मुलीला थोडेसे लिहावाचायला शिकविण्याचीही त्यांना आवड होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे यमूला आठ वर्षे पुरी होताच घरात तिच्या लग्नाची काळजी सुरू झाली.

स्थळ आले ते ठाण्याच्या पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशांचे. मूळचे संगमनेरचे, पहिली पत्नी वारलेली, वयाने नवरीपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. पत्नीला शिकविण्याची मला मोकळीक पाहिजे, ही त्यांची अट होती. हुंड्याची, मानपानाची अट आपण सर्वांनी ऐकली आहे. अशी अट त्या काळी कोणी ऐकली नव्हती. ३१ मार्च १८७४ रोजी, नववे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, यमूचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. स्त्रीशिक्षणाचे त्यांना वेड होते, आणि वेडाला असतो तसा त्यांना तापटपणाही होता. आनंदीने अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आजीला मदत केली म्हणून त्यांनी तिला वेताने मारल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे गावात पुष्कळ होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा एकच, असे म्हणत शेजारीपाजारी तोंडात बोट घालीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या दिवसांचा हिशेब स्पष्ट शब्दांत मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी टाकून देण्याच्या धमक्या. पतीने आपल्याला विद्या दिली, याबद्दलची कृतज्ञता त्याच पत्रव्यवहारात आहे, आणि ही वेदनाही तेथेच आहे. दोन्ही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

येथे एक गोष्ट आपण बायकांनी नीट लक्षात घेतली पाहिजे. सासरच्या मंडळींना वाटे, या मुलीचे हात चुलीसाठी. गोपाळरावांना वाटे, हिचे डोळे पुस्तकासाठी. दहा-बारा वर्षांची ती पोर या ओढाताणीत उभी होती. तिला भूक लागली आहे काय, तिला झोप आली आहे काय, तिचे डोके दुखते काय, हे विचारणे कोणाच्याच कार्यक्रमात नव्हते.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्या काळी बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारी, कोंदट जागा. आणि पुरुष डॉक्टरपुढे बाईने जायचे नाही, हा दंडक. योग्य औषधोपचार मिळता तर आपले मूल वाचले असते, हे त्यांच्या मनाने घेतले, आणि आपल्या बायकांसाठी बायकांतूनच डॉक्टर झाले पाहिजेत हा निश्चय त्या दुःखातून उभा राहिला.

चौदाव्या वर्षी आई होणे म्हणजे काय, हे आज वैद्यकशास्त्र आपल्याला समजावून सांगते. त्या वयात मुलीची स्वतःची हाडे वाढत असतात, रक्त वाढत असते. एकाच ताटातले अन्न तिच्या वाढीलाही पुरवायचे आणि पोटातल्या बाळालाही. ताट आधीच तुटपुंजे असेल तर दोघांचेही उणे पडते. अशा आईचे बाळ कमी वजनाचे, दुबळे निपजण्याचा धोका मोठा असतो. कायद्याला मात्र हे समजायला फार वेळ लागला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा दहाची मर्यादा वाढून बारा झाली, आणि तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात केवढे रण माजले! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले, आणि १९७८ साली ते अठरा झाले. आनंदीबाईंना यातले काहीच मिळाले नाही.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे कलकत्ता व श्रीरामपूर. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, हातात पुस्तक घेऊन शाळेत जाणारी बाई पाहून लोक थांबत, टोमणे मारीत. आनंदीबाईंनी ते सर्व सोसले. गोपाळरावांनी १८७८ मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला, पत्नीच्या शिक्षणाची काही सोय होईल काय, असे विचारणारे पत्र लिहिले होते. ते तेथल्या एका मासिकात छापले गेले. दोन वर्षांनी, १८८० साली, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. कोण कुठली हिंदुस्थानातली मुलगी! पण त्या माउलीला राहवले नाही. तिने पत्र पाठविले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि न पाहिलेल्या या बाईंना त्यांनी मावशी मानले.

या पत्रव्यवहाराच्या काळातच आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप लागणे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. वय सतरा-अठरा, म्हणजे आपल्याकडे बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीचे.

एवढे असूनही अमेरिकेला जाण्याचे ठरले, आणि गोपाळरावांना बरोबर जाणे शक्य नसल्याने त्यांनी एकटीनेच जायचे ठरले. लोकांत गिल्ला झाला. ही बाटणार, ही मांस खाणार, ही गाऊन घालणार, अशी चर्चा घरोघर सुरू झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी स्वतः उभे राहून व्याख्यान दिले. आपण का जातो, एकट्या का जातो, हे त्यांनी मुद्देसूद सांगितले. आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन, आपला पोशाख व आपला आहार सोडणार नाही, असा शब्द दिला. समाजाने विद्येला परवानगी दिली ती या अटीवर. ही अट पुढे त्यांच्या देहाला किती जड गेली, ते आता पाहू.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पहिला उन्हाळा कार्पेंटर मावशींच्या घरी रोझेलला गेला. तेथे प्रेम होते, मोकळी हवा होती, घरातली मुले होती. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणी ओरडत नव्हते. त्यांच्या सुखाचे दिवस मोजायचे तर ते या घरातले मोजावे.

ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० साली निघाले. स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. प्रमुख होत्या रेचल बॉडली. त्यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्ती दिली. मन लावून अभ्यास सुरू झाला, आणि त्याबरोबरच थंडीशी झगडाही सुरू झाला. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात बर्फ पडते. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धूर करी. ती पेटवावी तर धुराने जीव गुदमरे, विझवावी तर हाडे गोठत. अंगावर आपले नऊवारी लुगडे. कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहत. अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने पाचवारी नेसून आत परकर घालायला सुरुवात केली, म्हणजे अंग पायापर्यंत झाकले जाईल. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलीने परकर घालावा, यात विचारायचे ते काय? पण ही गोष्ट पतीला कशी कळवावी, याची त्यांना चिंता पडली होती. पोशाख बदलणार नाही, हा शब्द चारचौघांत दिलेला होता ना!

आहाराचेही तेच. परक्या देशात, मांसाहारी लोकांत राहून शाकाहार पाळायचा. आपले डाळतांदूळ, आपले मसाले तेथे नाहीत. अभ्यास, रुग्णालयातली कामे आणि वर आपला स्वयंपाक आपणच करायचा. त्यांनी शब्द पाळला. व्रत म्हणून आपण त्याचा आदरच करू. शाकाहारानेही शरीर उत्तम पोसले जाते, हे खरेच आहे. पण त्याला डाळी, दूध, भाज्या, तेलतूप पोटभर मिळावे लागते. अपुरे अन्न, अपरिचित अन्न, थंडी आणि अविश्रांत श्रम यांनी आधीच कमकुवत असलेली प्रकृती ढासळत गेली, आणि क्षयाने तिच्यात घर केले.

त्यांचे एक छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी ते काढलेले. महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लांबूली आणि आपल्या आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या छायाचित्राकडे एकदा निवांत पाहावे. आनंदीबाईंचा चेहरा भरलेला, नजर स्थिर. आजच्या जाहिरातीतल्या मुलीसारखी त्यांची अंगलट मुळीच नाही. नटण्याचा प्रयत्न नाही, अंग चोरून बसणेही नाही. वीस वर्षांची ती मुलगी, आपल्या देहाविषयी कोणाचेही मत विचारायला न आलेली, अशी दिसते.

त्या काळी त्याच अमेरिकेत आणि युरोपात फॅशनच्या बायका कंबर बारीक दिसावी म्हणून हाडांच्या व पोलादाच्या पट्ट्या घातलेली चोळी आवळून बांधीत. श्वास पुरता घेता येत नसे, पोटातली इंद्रिये दाबली जात. तेथल्या सुधारक स्त्रिया त्याविरुद्ध लिहीत, बोलत. आणि आणखी एक गोष्ट आपल्या मैत्रिणींना नवलाची वाटेल. आनंदीबाई कल्याणात आठ वर्षांच्या होत्या त्याच साली, १८७३ मध्ये, लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी स्वतंत्रपणे एका आजाराचे वर्णन वैद्यकात प्रथम नीट नोंदविले. चांगल्या खात्यापित्या घरातल्या तरुण मुली, काही रोग नसता, अन्न टाळू लागतात, सुकत जातात, मासिक पाळी थांबते, आणि आपल्याला काही झाले नाही असेच म्हणत राहतात, असा तो आजार. म्हणजे मुलींनी उपाशी राहणे हे मोबाइलमुळे आजच निघालेले खूळ आहे, असे समजू नये. मुलीच्या देहावर दुसऱ्याच्या नजरेचा दाब पडला की कोठे चोळी आवळली जाते, कोठे ताट मागे सारले जाते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम्. डी. ची पदवी मिळाली. पदवीसाठी त्यांनी प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. बाळंतपणात आपले मूल गमावलेल्या मुलीने हाच विषय घ्यावा, यात तिच्या साऱ्या आयुष्याचा धागा दिसतो. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेस आले होते. व्हिक्टोरिया राणीने अभिनंदनाचा संदेश धाडला. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. सगळे काही जुळून आले होते. फक्त शरीर साथ देईना.

१८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या. स्वागत मोठे झाले. ज्यांनी नावे ठेवली होती त्यांनीही हार घातले. केसरीतर्फे लोकमान्य टिळकांनी मदत म्हणून शंभर रुपये पाठविले. पण कोल्हापूरच्या त्या इस्पितळात एका दिवसाचेही काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही. उपचार झाले, गुण पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविल्या. कल्याणच्या लेकीचे स्मारक तेथे आजही उभे आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही पुढे शास्त्रज्ञांनी तिचे नाव दिले.

क्षयाचे जंतू असतात, हे जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले होते. त्यावर चालणारे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. तेव्हा आनंदीबाईंना कोणाही वैद्याने वाचविले असते, असे म्हणता येत नाही. क्षय हा जंतूंनी होतो, उपाशी राहिल्याने होत नाही, हेही खरे. पण अन्न कमी पडलेल्या देहात हे जंतू लवकर डोके वर काढतात. आणि हे आपल्या भिवंडीत, यंत्रमागांच्या गाळ्यांत आणि चाळींच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना कोणी शिकवायला नको.

आनंदीबाईंच्या जोडीला आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. डॉ. रखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, म्हणजे दोघींत जेमतेम चार महिन्यांचे अंतर. त्यांचेही लग्न लहानपणी, अकराव्या वर्षी झाले. पण नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, कोर्टात खटला लढविला, लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे हजारो बायकांची सेवा केली. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या. दोघींच्या बुद्धीत, धैर्यात डावेउजवे करू नये. पण वाढीच्या वयात रखमाबाई सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या मायेच्या छत्राखाली राहिल्या, आणि चौदाव्या वर्षीचे बाळंतपण त्यांच्या वाट्याला आले नाही. आनंदीबाईंना आणखी साठ वर्षे मिळती तर कोल्हापूरच्या, कल्याणच्या, आपल्या भिवंडीच्याही किती आयाबाया वाचल्या असत्या, याचा विचार मनाला चटका लावतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मुलींना आज शाळा आहे, सायकल आहे, डॉक्टर व्हायचे म्हटले तर आडकाठी करणारे थोडे. तरीही त्यांच्या ताटाकडे पाहिले तर दोन चित्रे दिसतात. शहरातल्या मुलींपैकी कित्येक जणी सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जातात, डबा तसाच परत आणतात, रात्री भात नको, पोळी नको, तूप तर नकोच. मोबाइलवर कोणी सात दिवसांत वजन उतरविण्याचा उपाय सांगितला, मैत्रिणीने करून पाहिला, की हिनेही केलाच. दुसरीकडे पडघ्याच्या बाजूला, वज्रेश्वरीच्या आसपासच्या पाड्यांवर, मुलगी पहाटे उठते, पाणी भरते, भावंडांना सांभाळते आणि सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाते. एकीने ताट मागे सारले, दुसरीच्या ताटात पडलेच नाही. दोघींचे रक्त मात्र सारखेच पातळ होते.

हे आपल्या मनाचे खेळ नव्हेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींची तीच स्थिती. त्याच पाहणीत देशातल्या शंभरांतल्या सुमारे १९ स्त्रिया फार कृश, तर २४ जणी प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या निघाल्या. तेव्हा वजन वाढणे हाही खरा प्रश्न आहे, त्याची थट्टा नको. पण वाढत्या वयात त्याचा उपाय उपास हा नव्हे. तळलेले, पाकिटातले, गोड सरबतांचे पदार्थ कमी करावेत, मुलीने खेळावे, चालावे. पण भाकरी, डाळ, भाजी, दूध, ताक यांना हात लावू नये.

मुलीला पाळी सुरू झाली की दर महिन्याला रक्त जाते, म्हणून लोह जास्त लागते. याच काही वर्षांत उंची वाढते आणि जन्मभराची हाडे घट्ट होतात. ही वेळ गेली की परत येत नाही. यासाठी महागडी पावडर नको. नाचणी, बाजरी, मटकी, हरभरा, तीळ, शेंगदाणे, शेवग्याचा पाला हे सर्व आपल्या बाजारात मिळते. पावसाळ्यात आपल्या आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, शेवळे, कंटोळी विकायला आणतात. त्यांची किंमत करताना घासाघीस न करता ती घ्यावीत आणि करायची कशी हे त्यांनाच विचारावे. खाणाऱ्यांच्या घरी अंडी आणि सुकट आहेतच. जेवणावर लिंबू पिळले की अन्नातले लोह अंगी जास्त लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी लागते; एवढे साधे ज्ञानही पुष्कळ काम करते. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी पिशवीत पडून राहत नाही ना, हे आईने पाहावे. हरितालिकेचा निर्जळी उपास, लागोपाठचे सोमवार आणि शनिवार वाढत्या मुलीकडून आग्रहाने करवून घेऊ नयेत. देवाला मुलीची भक्ती पुरते.

यापेक्षाही अवघड काम आपल्या जिभेचे आहे. लग्नामुंजीत, हळदीकुंकवाला, अगदी आपल्या मंडळाच्या सभेतही एखादी मुलगी समोर आली की आपण पहिले वाक्य काय बोलतो? किती सुटलीस गं! किंवा, अगदीच काडी झालीस! किंवा, रंग आणखी उतरला हिचा! आपण बोलून विसरतो. ती घरी जाऊन आरशासमोर उभी राहते. स्थळे पाहताना गोरी, सडपातळ, सुस्वरूप अशी मोजमापे आपणच लावतो, आणि मुलगी जेवत नाही म्हणून तक्रारही आपणच करतो. यापुढे मुलीला भेटताना तिचा अभ्यास, तिचा खेळ, तिची मैत्रीण यांची चौकशी आधी करू या.

आणि काही खुणा मात्र आईने, आजीने, मावशीने ओळखल्या पाहिजेत. मुलगी जेवण लपवून टाकून देते, जेवल्यावर मुद्दाम ओकारी काढते, वजन झपाट्याने उतरते, केस गळतात, चक्कर येते, लागोपाठ तीन महिने पाळी येत नाही, आणि तरीही आपण जाड आहोत हेच म्हणत राहते, तर रागावू नये, मारू नये, जबरदस्तीने भरवू नये. तिला जवळ घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. हे नखरे नव्हेत. हा आजार आहे, आणि वेळेवर उपचार झाले तर मुलगी बरी होते.

आनंदीबाईंच्या भोवती त्यांना शिकविणारे, अडविणारे, गौरविणारे पुष्कळ होते. त्यांच्या देहाची काळजी केली ती विशेषेकरून एका परक्या देशातल्या बाईने, जिचे नातेही रक्ताचे नव्हते. आपल्या मंडळातल्या प्रत्येक भगिनीने आपल्या गल्लीतल्या, चाळीतल्या, ओळखीच्या पाड्यावरच्या एका मुलीची अशी मावशी व्हावे. मुलगी दमून आली तर तिला आधी ताट वाढावे, मग परीक्षेचे गुण विचारावेत. मंडळाच्या पुढच्या वर्षाच्या कामांत वाढत्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी आणि पावसाळी रानभाज्यांची एक पाककृती-बैठक घेता आली, तर खाडीपलीकडच्या त्या लेकीचे आपण केलेले स्मरण सार्थ होईल.